फोटोतला दोरवाला

पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली आणि विहिरींच्या मागोमाग दोरवाल्यांचे घर कोरडे पडले. विहीर खोल गेली की दोर लांब लागतो, तेव्हा दुष्काळ दोरवाल्याच्या पथ्यावरच पडणार, असा हिशेब कुणीही मांडील; आणि पहिल्या वर्षी तो खराही ठरला. लोक खाली खाली सरकणाऱ्या पाण्यामागे दोर वाढवत गेले, आणि त्या उन्हाळ्यात या घरात कुणी उघडपणे हसले नाही, एवढीच काय ती सभ्यता पाळली गेली. दुसऱ्या वर्षी पाणीच राहिले नाही. जनावरे विकली गेली, म्हणून दावी थांबली. पिके उभी राहिली नाहीत, म्हणून भारे बांधायचे थांबले. वळलेले दोर खुंट्यांवर तसेच लटकत राहिले आणि घरभर घायपाताच्या जुन्या वाखाचा, सुक्या गवतासारखा वास साचून राहिला.

घराच्या मागे एक लांबच लांब, अरुंद, पायांनी गुळगुळीत झालेली पट्टी होती. तिला दोरवाट म्हणत. घराकडच्या टोकाला छपराखाली लाकडी चाक, मध्यावर कडेला एक झाड, दुसऱ्या टोकाला कुंपण. थोरला भाऊ कमरेभोवती पिंजलेला वाख गुंडाळी, त्यातले थोडे तंतू ओढून चाकाच्या आकड्याला अडकवी आणि चाकाकडे तोंड ठेवून मागे मागे चालू लागे. पाऊल मागे, बोटे पुढे. कमरेचा वाख बोटांतून सुटत जाई आणि त्याच्या नि चाकाच्या मधल्या हवेत सूत लांबत जाई. धाकटा भाऊ चाक फिरवी. थोरल्याने ‘हां’ म्हटले की फिरवायचे, पुन्हा ‘हां’ म्हटले की थांबायचे. त्यापलीकडे चाकवाल्याने काही बोलायचे नसते, अशी रीत होती. वडिलांनी जाण्यापूर्वी थोरल्याच्या कमरेला वाख गुंडाळला आणि धाकट्याच्या हाती चाकाची मूठ दिली. घरातल्या बाकी सगळ्या वाटण्यांवरून भांडणे झाली. हिच्यावरून कधी झाली नाहीत, कारण हीही एक वाटणी आहे, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

गावातली पोरे थोरल्याला उलटपाया म्हणत. भुताचे पाय उलटे असतात, तसे याचे. थोरल्याला ते नाव मनातून आवडे. पुढे बघून बैलही चालतो, असे तो म्हणे.

वेबसाइटची गोष्ट निघाली ती अंगणात, दोघी जावा लोखंडी फणीवर वाख विंचरत बसल्या असताना. धाकटीने मान वर न करता सांगितले, “माझा भाऊ म्हणत होता, तुमची एक साइट काढू या.”

“कसली साइट? कुणाचं घर बांधायचंय?” थोरली म्हणाली.

“तशी नाही हो जाऊबाई. फोनवरची. दुकानच, पण लोकांना घरबसल्या दिसतं.”

“इथलं दुकान डोळ्यांनी दिसतंय तरी कुणी येईना. आता न दिसणारं काढा.”

थोरला छपराखाली गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मागच्या हिवाळ्यापासून उजवा गुडघा धरत असे; विचारले की तो वाऱ्याचे नाव सांगे. “फोनमधला दोर हाताला लागतो का?” तो म्हणाला. “ताणून बघता येतो? दोर ताणल्याशिवाय घेणारा माणूस मला दाखव.”

“दादा, ताणून बघायला इथं तरी कोण येतंय,” धाकटा म्हणाला.

वाक्य खरे होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ते चाकाच्या बाजूने आले, हे मात्र थोरल्याला दिवसभर चावत राहिले.

धाकटीचा भाऊ शहरात लोकांच्या साइट बनवून देई. तो मोटरसायकलवरून आला, पाठीवर काळी पिशवी, आणि घराने त्याला सुनेच्या भावाला शोभेल असा पाहुणचार केला, म्हणजे चहा दोनदा दिला आणि मोठी खुर्ची दिली. थोरला सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. वाख गुंडाळायला इस्त्रीचा सदरा, हे बघून धाकट्याने मान वळवली, आणि त्याने ती का वळवली ते थोरल्याने पाहून ठेवले.

“दादा, नेहमीसारखं काम करा. मी आहे असं समजूच नका,” पाहुणा म्हणाला.

“असं कसं पाहुणे. तुम्ही आहात म्हणून तर सदरा घातलाय.”

काम सुरू झाले. थोरला मागे मागे जाऊ लागला. चांगले सूत काढताना त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची निर्विकार खानदानी कळा येई, आणि ती आज त्याने मुद्दाम आणली होती. पाहुणा चाकापाशी उभा राहून डोळ्याला कॅमेरा लावी, काढी, पुन्हा लावी.

“तुम्ही फार लांब जाता हो दादा,” त्याने ओरडून सांगितले.

“दोर लांब असतो, पाहुणे.”

“दोघं एका फोटोत मावत नाहीत.”

मग तो दोरवाटेच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथून थोरल्याची नुसती पाठ दिसत होती, घामाने सदऱ्यावर उमटलेला काळा नकाशा. पाहुणा परत चाकाकडे आला. छपराच्या फटीतून ऊन येत होते आणि ते नेमके धाकट्याच्या दंडावर पडले होते; मूठ वर गेली की दंड उजळे, खाली आली की विझे. पाहुण्याचा कॅमेरा तिथे जो थांबला, तो थांबलाच. दूर कुंपणापाशी पोचलेल्या थोरल्याला काचेचा तो गोल डोळा स्पष्ट दिसत होता, आणि तो आपल्याकडे नाही, हेही दिसत होते. तरी त्याने चेहऱ्यावरची कळा शेवटपर्यंत उतरू दिली नाही. ती कुणी पाहिली नाही.

साइट झाली. धाकटीने फोन मधोमध धरला आणि सगळे तिच्याभोवती वाकले. सगळ्यांत वर धाकटा होता. ओठ किंचित विलग, कपाळावर घामाचा एकच थेंब, दंड असा की जणू पृथ्वी तोच फिरवतो आहे. खाली मोठ्या अक्षरांत ‘पिढीजात कारागीर’. त्याखाली धाकट्याने सुचवलेले वाक्य: ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.’ बाकीच्या जगात ही म्हण हेकट माणसाच्या तोंडावर मारतात. या घरात ती मालाची हमी होती; जळून राख झालेल्या दोरातही पेड न् पेड ओळखू आले पाहिजे, असे इथे चार पिढ्या मानत आले होते. पाहुण्याला तिचा दुसरा अर्थ ठाऊक होता. पण बहिणीच्या सासरी म्हणीचा अर्थ सांगत बसणे त्याला प्रशस्त वाटले नाही.

“मी कुठं आहे?” थोरल्याने विचारले.

“हे काय दादा, हे मागे. झाडाच्या पलीकडे.”

झाडाच्या पलीकडे राईएवढा एक पांढरा ठिपका होता. तो सदरा होता. थोरल्याने दोन बोटे काचेवर ठेवली आणि धाकटी करते तशी फाकवली. काही झाले नाही. त्याने जोर लावला.

“दाबू नका दादा. तुमची बोटं त्याला लागत नाहीत. वाखानं कातडी जाड झालीय ना, फोनला कळतच नाही कुणी हात लावलाय ते.”

“याची लागतात?” थोरल्याने भावाकडे हनुवटी केली.

धाकट्याने नाइलाजाने बोट लावले. लागले. मूठ तळवा राठ करते, बोटांची टोके शाबूत ठेवते. धाकटीने मग आपल्या मऊ बोटांनी थोरल्याला मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी त्याचा चेहरा चार तपकिरी चौकोनांत विरघळला.

“पुरे,” थोरला म्हणाला.

जेवताना थोरलीने त्याच्या पुढे पाण्याचा तांब्या ठेवत म्हटले, “तिच्या माहेरच्या माणसाचा कॅमेरा. त्याला आपला भावजीच दिसणार. त्यात नवल ते काय.”

“गप्प बस.”

“मी कुठं बोलतेय. फोटो बोलतोय.”

मत्सराला पोसायला फार लागत नाही, आणि गाव ते आनंदाने पुरवते. थोरला दाढीला गेला, तेव्हा न्हाव्याने त्याची मान मागे टेकवून, गळ्याशी वस्तरा धरून, दुसऱ्या हाताने फोन दाखवला. वस्तऱ्याखालच्या माणसाला काहीही पटते, हे न्हावी अनुभवाने जाणून होता.

“धाकटा काय आलाय फोटोत. नट दिसतोय नट. तुमचा फोटो वेगळ्या पानावर टाकलाय का?”

“त्यातच आहे.”

“कुठं?”

“मागे.”

न्हाव्याने फोन डोळ्यांजवळ नेला. “ही शेळी?”

बाकावर बसलेल्या दोघांनी वर्तमानपत्रात तोंड घातले. थोरला हलू शकत नव्हता. त्याने छताकडे बघत सांगितले, “मला आवडत नाही असलं. मीच म्हटलं, त्याला पुढं कर.”

“बरोबर आहे,” न्हावी साबण पुसत म्हणाला. “उलटपाया माणूस, इंटरनेटवरही मागंच चालणार.”

साइटवरून पहिले फोन आले ते चौकशीचे. थोरला ते कान देऊन ऐके, कारण प्रत्येकात एकदा तरी ‘तुम्हीच ना ते, फोटोतले?’ असे विचारले जाई, आणि धाकटा दरवेळी म्हणे, “फोटोत मी आहे, पण कारागीर आमचे दादा. मी नुसता चाकावर.” हे तो खरेपणाने म्हणे, म्हणूनच ते ऐकवत नसे. एखाद्या दिवशी तरी त्याने खोटे बोलावे, दादाचे नाव गिळावे, म्हणजे त्याचा राग राग करायला निदान धरायला जागा मिळेल, अशी थोरला वाट बघत होता. धाकट्याने ती जागा दिली नाही.

मग मोठे काम आले. दूर कुठे एक हॉटेल उभे राहत होते आणि त्याची सजावट करणाऱ्या बाईंना मनगटाएवढा जाड दोर हवा होता. जिन्याच्या कठड्याला आणि खांबांभोवती गुंडाळायला, गाडी भरेल इतका.

“वजन किती पेलायचंय, विचार,” थोरल्याने खुणावले.

धाकट्याने विचारले, ऐकले आणि फोनवर हात ठेवला. “काहीच नाही म्हणतात. नुसतं दिसायला हवं.”

“दिसायला?”

“जाडंभरडं, गावाकडचं दिसलं पाहिजे म्हणतात.”

चार पिढ्यांनी या दोरवाटेवर बादल्या, बैल आणि गवताच्या गंज्या पेलणारे दोर वळले. आता त्यांतला सगळ्यांत जाड दोर असा होणार होता, की ज्याच्यावर जन्मात कशाचाही भार पडणार नाही. पण दुष्काळात कामाची निंदा करण्याची ऐपत कुणाची नसते. बाईंची एकच अट होती. काम पक्के करण्याआधी त्या स्वतः येणार आणि फोटोतल्या कारागिराला काम करताना चित्रित करून घेणार. हॉटेलात पडद्यावर ते सतत दाखवायचे होते.

“मी सांगितलं त्यांना,” धाकटा जेवताना म्हणाला, “की सूत दादा काढतात. त्या म्हणाल्या, असू दे, पण सूत काढताना आम्हाला फोटोतलेच हवेत. दादा, तुम्ही म्हणाल तसं. नाही म्हणून कळवतो.”

थोरल्याने घास पूर्ण चावून गिळला. “नाही कशाला म्हणायचं? चाल तू. मी चाक धरतो.”

धाकटी हातातली पळी तशीच धरून राहिली. धाकटा म्हणाला, “माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी आयुष्यात सूत काढलं नाही.”

“फोटोत काढलंयस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, टँकरच्या पाण्यात वाख भिजत घातलेल्या टाक्याच्या सावलीत, थोरलीने नवऱ्याला गाठले. आजवर हा निखारा तिनेच फुंकला होता. आता त्याची धग बघून तिची तीच दचकली होती.

“काय चाललंय तुमच्या मनात?”

“पडू दे एकदा तोंडावर. चारचौघांत. मग कळेल सगळ्यांना, फोटो काय असतो आणि हात काय असतो.”

“आणि काम गेलं तर? बाई उठून गेली तर?”

“जाऊ दे.”

“खायचं काय?”

“फोटो,” थोरला म्हणाला.

ती उठून गेली. त्यानंतर तिने या विषयावर टोमणा मारला नाही. त्याला हे जाणवले आणि अधिकच एकटे वाटले.

बाई येईपर्यंतच्या दिवसांत घर कामाला जुंपले गेले. भिजलेला वाख दगडावर आपटायचा, पिळायचा, दोरीवर पसरायचा, सुकला की फणीवर ओढायचा. फणीच्या दातांनी धाकटीची करंगळी फाटली. तिने चिंधी बांधली आणि पुन्हा ओढू लागली. हवेत तंतूंचे बारीक कुसळ उडे, ते मानेवर, पापण्यांवर, भाकरीच्या तुकड्यावर बसे. थोरला मागे चालत राही आणि दोरवाट कुंपणाजवळ जिथे उतरत जाते तिथे त्याच्या गुडघ्यातून कळ निघे. दर खेपेला तो त्या उतारावर क्षणभर रेंगाळे, पाय चाचपून टाके, आणि सूत सरळच्या सरळ येई. आपला हात अजून शाबूत आहे, असे तो दर खेपेला मनाशी म्हणे.

“दादा, एकदा शिकवा तरी,” धाकटा मूठ थांबवून म्हणाला. “नुसतं पाऊल कसं टाकायचं ते.”

“जन्मभर समोर उभा आहेस. बघून शिकला असशील.”

बाई आल्या त्या काळा चष्मा लावून, एका कॅमेरावाल्यासह. त्यांनी अंगण, खुंट्या, टाके, सगळ्यांना ‘किती सुंदर’ म्हटले. कोरड्या विहिरीलाही म्हटले. धाकटा नवा सदरा घालून उभा होता आणि वधूसारखा घामेजला होता. थोरल्याने स्वतःच्या हातांनी त्याच्या कमरेला वाख गुंडाळला. वडिलांनंतर या घरात हे कुणी कुणाला केले नव्हते. त्याने तो हवा त्यापेक्षा जरा घट्ट गुंडाळला.

मग तो चाकापाशी गेला. मुठीवर धाकट्याच्या तळव्याने खळगा पाडला होता. थोरल्याचा हात त्यात बसेना. चाक त्याला आजवर फक्त दुरून येणारा आवाज म्हणून माहीत होते. ते एकसारखे फिरवायचे असते, पाणी शेंदल्यासारखे, त्यात अक्कल लागत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि ती त्याने आज एकसारखे फिरवून पाळली.

“हां,” धाकटा म्हणाला. आवाज इतका बारीक होता की बाईंना ऐकू गेला नाही.

आणि धाकटा चालला. थोरल्याची नजर त्याच्या बोटांवर होती, ती अडखळण्याची वाट बघत. ती अडखळली नाहीत. मधले बोट दाबून, अंगठा सैल ठेवून, तंतूंची चिमूट जशी सोडायची तशीच सुटत होती. थोरल्याची बोटे समोरून पाहिलेला जगात एकच माणूस होता. दिवसच्या दिवस त्याला दुसरे बघायलाच काही नव्हते.

सूत मात्र बिघडले. झाडापाशी पीळ जास्त बसून पहिला आटा पडला, मग दुसरा. चाकाजवळचे सूत स्वतःभोवती वेटाळून डुकराच्या शेपटीसारखे वळले आणि तुटले. थोरल्याच्या छातीत काहीतरी गोड उसळले.

“काय झालं?” बाईंनी विचारले.

“माझं चुकलं मॅडम,” धाकटा लांबूनच म्हणाला. “हात बसला नाही अजून.”

तो तुटके टोक घेऊन चाकाकडे आला, नवे तंतू आकड्याला लावू लागला, आणि मान खाली ठेवूनच, बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, “दादा, सुताकडे नका बघू. माझ्या पायांकडे बघा. सूत बघून हात आवरला की उशीर होतो.”

थोरल्याने मूठ पुन्हा धरली. चाकवाल्याने बोलायचे नसते.

दुसऱ्या खेपेला त्याने पायांकडे पाहिले. पाय एकसारखे पडत नव्हते. झाडाच्या मुळाशी पाऊल आखडत होते, सपाटीवर लांबत होते, आणि दर वेळी पाऊल बदलण्याच्या आधी चाकाने बदलायला हवे होते. त्याने हात आवरला, उशिरा आवरला. पुन्हा सोडला, लवकर सोडला. दंड भरून आला. धाकटा उताराशी पोचला, पाय चाचपून टाकू लागला, आणि सुताला पुन्हा आटा पडला.

तिथे थोरल्याचा हात मुठीवर थांबला. त्या उतारावर हिवाळ्यापासून तो स्वतः रोज, दर खेपेला, दुखऱ्या गुडघ्यासाठी रेंगाळत आला होता. सुताला आटा एकदाही पडला नव्हता.

“काका,” कॅमेरावाला म्हणाला, “जरा खाली बसता का? तुमचं डोकं मधे येतंय. चाक फिरू दे तसंच.”

थोरला उकिडवा बसला. गुडघा करकरला. चौकटीच्या बाहेर राहून, हात तेवढा वर करून, त्याने चाक फिरवले. तिसऱ्या खेपेला सूत बरे आले. बाईंना आधीची, आटे पडलेली दोनच अधिक आवडली होती.

“असंच वळा ना सगळं. हाताचं वाटतं.”

“ते खराब आहे मॅडम,” धाकटा म्हणाला.

“आम्हाला चालेल.”

धाकट्याने चाकाकडे पाहिले. उकिडव्या बसलेल्या भावाकडे. “तसं नाही देता येणार,” तो म्हणाला. बाई हसल्या, त्यांना हा बाणेदारपणाही सुंदर वाटला, आणि काम पक्के झाले.

थोरल्याने वाट पाहिली. सूत चाकावर बिघडले, हे धाकटा आता कुणाला तरी सांगेल. बायकोला, मेहुण्याला, निदान न्हाव्याला. कुणीच काही बोलले नाही. धाकट्याने घरात एवढेच सांगितले की आपल्याच्याने सूत निघत नाही, पायाला अक्कल लागते, आणि दादा नसते तर बाई उठून गेल्या असत्या. हे थोरलीने मोठ्या समाधानाने नवऱ्याच्या कानावर घातले. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आठवडा जातो न जातो तोच मोटरसायकल पुन्हा दारात आली. धाकट्यानेच मेहुण्याला बोलावले होते. “आधीच व्हायला हवं होतं हे,” धाकटी जावेला म्हणत होती. साइटवर आता सगळ्यांत वर थोरला येणार होता, एकटा, मोठा, आणि खाली ‘मुख्य कारागीर’. पाहुण्याने या वेळी कॅमेरा तीन पायांवर दोरवाटेच्या मधोमध, झाडापाशी बाजूला उभा केला, म्हणजे थोरला त्याच्या समोरून जाताना पुरता सापडला असता.

“सदरा कुठलाही घाला दादा,” पाहुणा म्हणाला. “साधेच छान दिसाल.”

थोरला कामाच्याच सदऱ्यावर आला. कमरेला वाख गुंडाळला, तंतू आकड्याला लावले. चाकामागे धाकटा होता. छपराच्या सावलीत त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मुठीवरचा दंड.

“हां.”

तो मागे चालू लागला. झाड आले, कॅमेरा आला. कॅमेरा खटखटत होता. थोरल्याचे कान चाकाकडे होते. सपाटीवर त्याने मुद्दाम पाऊल लांब टाकले. चाकाचा सूर चढला. त्याने पाऊल आखडले. सूर उतरला. सूत त्याच्या बोटांपासून आकड्यापर्यंत ताठ, निर्मळ, एकाही गाठीशिवाय ताणलेले होते. उतारावर तो रेंगाळला, नेहमीपेक्षा जास्त, लबाडीने जास्त. सूर त्याच्या आधीच मऊ झाला होता. मग काही न बोलता, खूण न करता, तो जागच्या जागी उभा राहिला. चाक उभे राहिले.

“दादा, काय झालं?” दुसऱ्या टोकाहून हाक आली. “गुडघा का?”

उतारावर गुडघा अडतो, हे त्याने या घरात कुणाला कधी सांगितले नव्हते.

“काही नाही,” थोरला म्हणाला.

“फार छान आलाय फोटो,” पाहुणा कॅमेऱ्यातून म्हणाला. “एकदम मालक वाटताय. अजून एकदा चाला.”

थोरल्याने बोटांतली चिमूट सारखी केली, दुखरा पाय उचलला आणि तोंड उघडले. चाक त्याच्या ‘हां’च्या आधीच फिरू लागले होते.